सीसी किती, त्यापेक्षा दुसरा गिअर कधी

वाचकाचं पत्र : “माझी २०१४ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे. चार सिलिंडर, ९४,००० किलोमीटर झालेत. राहायला कराडला. रोज ऑफिसला जाऊन-येऊन आठ किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा आई-वडील, बायको, मुलगी आणि डिकीभर सामान घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूण. येताना घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडली की गाडी ओढतच नाही, एसी बंद करावा लागतो. मी तिसऱ्यावर चढवतो. दुसरा टाकला की इंजिन असं किंचाळतं की आता फुटेल वाटतं. गाडी बदलायची आहे. शोरूमवाला म्हणतो १ लिटर टर्बो घ्या, १.२ पेक्षा ताकद जास्त. मामा म्हणतात लिटरचं तीन सिलिंडरी इंजिन म्हणजे खेळणं, वर टर्बो गेला की लाखाचा फटका. मेहुणा म्हणतो १.५ शिवाय घाटाचं नाव काढू नकोस. लहान इंजिन मोठ्यापेक्षा ताकदवान कसं असेल? वर्षाला ९,००० किलोमीटर होतात. काय घेऊ?” – कराडहून एक वाचक

नमस्कार.

मामा, मेहुणे आणि शोरूमवाला, तिघांनी तुम्हाला इंजिनाबद्दल सांगितलं. तुमच्या पत्रातली खरी गोम मात्र ‘तिसऱ्यावर चढवतो’ या दोन शब्दांत आहे. तिकडे येतोच, आधी सीसीचं कोडं सोडवू.

सीसी म्हणजे सगळे पिस्टन एकदा खालपासून वरपर्यंत गेले की जेवढी जागा व्यापतात ती. मारुतीच्या चार सिलिंडरी १.२ चं घ्या. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७१.५. एका सिलिंडरला २९९ सीसी, चारांचे मिळून ११९७. ही जागा हवेची आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. इंजेक्टर पेट्रोल हवं तेवढं फवारेल, पण हवा सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच येणार. म्हणून सीसीवरून ताकदीचा अंदाज बांधायची सवय लागली, आणि जोवर इंजिन स्वतःच्या ओढीने हवा घेतं तोवर ती सवय बरोबरही आहे.

किती बरोबर ते पाहा. मारुतीच्या १.२ चा टॉर्क, म्हणजे फिरवायची ओढ, ११३ न्यूटन मीटर, म्हणजे लिटरमागे ९४. त्याच कंपनीच्या १४६२ सीसीचा १३७, म्हणजे लिटरमागे पुन्हा ९४. सीसी वाढले त्याच प्रमाणात टॉर्क वाढला. तुमच्या मेहुण्यांचा हिशेब इथवर चोख आहे.

टर्बो हा हिशेब मोडतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. मारुतीचंच ९९८ सीसीचं टर्बो इंजिन १४८ न्यूटन मीटर देतं. विनाटर्बो इंजिनाकडून एवढा टॉर्क काढायचा तर लिटरमागे ९४ च्या भावाने जवळपास १५७० सीसी लागतील. मामांचं ‘लिटरचं खेळणं’ कामाच्या वेळी दीड लिटरहून थोडं मोठं असतं. ‘कामाच्या वेळी’ हे शब्द लक्षात ठेवा, त्यावर पुढे भांडण आहे.

तुलनेसाठी मारुतीची फ्रॉन्क्स घेतो, कारण एकाच गाडीत ही दोन्ही इंजिनं मिळतात आणि वजनात थोडाच फरक पडतो. १.२ : ९० पीएस (ताकद, अश्वशक्तीसारखीच) ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ११३ न्यूटन मीटर ४४०० ला. टर्बो : १०० पीएस ५५०० ला, १४८ न्यूटन मीटर २००० पासून ४५०० पर्यंत. ब्रोशरमध्ये लोक ९० आणि १०० बघतात आणि म्हणतात, दहाचाच तर फरक. आकड्यांच्या पुढे बारीक अक्षरात आरपीएम छापलेले असतात, घाट तिथे ठरतो. ६००० आरपीएमला तुम्ही जन्मात गाडी चालवलेली नाही. तुम्ही दुसऱ्या गिअरलाही घाबरता.

आता पोफळीच्या वरचा चढ कागदावर घेऊ. टनभराची गाडी, पाच माणसं, सामान, एकूण १४०० किलो धरा. शंभर मीटरला आठ मीटर चढ आणि वेग ५०. चढ, टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा मिळून चाकांवर साधारण २५ पीएस लागतात. गिअरबॉक्समध्ये जाणारे धरून २८, आणि एसीचा कॉम्प्रेसर तीनेक खातो. इंजिनाने ३१ पीएस द्यायलाच हवेत, तेव्हा गाडी नुसती ५० वर टिकेल.

अशा हॅचबॅकमध्ये ५० च्या वेगाला चौथ्यात साधारण १७०० आरपीएम, तिसऱ्यात २२५० आणि दुसऱ्यात ३३०० असतात. ताकद काढायची तर टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९, उत्तर किलोवॅटमध्ये. त्याला १.३६ ने गुणलं की पीएस. १.२ चा टॉर्क या खालच्या आरपीएमला पूर्ण ११३ नसतो, नव्वदीच्या घरात असतो. चौथ्यात २२ पीएस मिळतात, म्हणजे गाडी मरते. तिसऱ्यात ३१, नेमके गरजेइतके. पाय पूर्ण दाबलेला असतो आणि काटा जागचा हलत नाही. हीच तुमची ‘ओढत नाही’ वाली अवस्था. त्यात पुढे ट्रक आला, वेग ३० वर गेला, की तिसऱ्यात आरपीएम १३५० वर येतात. इंजिन १७ देतं आणि चढ मागतो १९. मग तुम्ही एसी बंद करता, तीन पीएस सुटतात, गाडी कशीबशी रांगते.

दुसऱ्यात? ५० ला ३३०० आरपीएम, टॉर्क १०७ च्या आसपास, ताकद ५० पीएस. गरजेपेक्षा १९ जास्त, एसी चालू ठेवून. तेच इंजिन, तेच सीसी.

टर्बो हाच चढ तिसऱ्यात २२५० आरपीएमला ४७ पीएसने चढते. थोडक्यात टर्बो जे तिसऱ्यात शांतपणे देते ते १.२ दुसऱ्यात आवाज करून देतं. शोरूममधला जास्तीचा पैसा तुम्ही मोजणार तो प्रामुख्याने या शांततेसाठी.

आवाजाची भीती मात्र काढून टाका. ३३०० आरपीएम म्हणजे लाल पट्टीच्या अर्ध्याच्या थोडं वर. वॉटर पंपही आरपीएमबरोबर फिरतो, त्यामुळे चढावर दुसऱ्यात इंजिनाला गारवा नीट मिळतो. उलट तिसऱ्यात १३०० वर पाय दाबून धरलात की प्रत्येक स्फोट हळू चाललेल्या पिस्टनवर आदळतो, तेलाचा थर पातळ असतो, बेअरिंगवर मार बसतो आणि डब्यात खडे हलवल्यासारखा ‘टर्र्र’ आवाज येतो. त्याला मिस्त्री नॉकिंग म्हणतात. आजचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तो ऐकून ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे आधीच कमी असलेली ताकद आणखी घटते. किंचाळणाऱ्या इंजिनापेक्षा कुंथणारं इंजिन लवकर खराब होतं.

तेव्हा नवी गाडी बघण्याआधी एक फेरी जुन्याच गाडीने वेगळ्या पद्धतीने करा. वळण यायच्या आधी दुसरा टाका, वळणात शिरल्यावर नको. आरपीएमचा काटा शक्यतो २५०० च्या खाली येऊ देऊ नका, ४००० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. अगदी टाचणीसारख्या वळणावर वेग १५ च्या खाली गेला तर सरळ पहिला. त्याआधी गाडीचं एवढं बघून घ्या : एअर फिल्टर, प्लग, टायरमधली हवा (पाच माणसांना दाराच्या खांबावर लिहिलेला ‘फुल लोड’चा आकडा) आणि क्लच. क्लचची परीक्षा सपाट रस्त्यावर चौथ्यात ५० ला. पाय पूर्ण दाबा, आरपीएम टुणकन वर गेले आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट घसरतेय. ९४,००० किलोमीटर आणि तिसऱ्यावरचा घाट बघता तसं असलं तर नवल नाही. क्लच ठीक असून गाडी दुसऱ्यातही मेली, तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजून घ्या. मोजताना चारही प्लग काढलेले, पाय पूर्ण दाबलेला आणि बॅटरी चार्ज असलेली हवी. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर दोष व्हॉल्व्हचा किंवा रिंगांचा. चारही सारखे असतील तर सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का ते बघा.

आता टर्बोच्या ‘कामाच्या वेळी’बद्दल. टर्बोला फिरायला धूर लागतो आणि धूर यायला आरपीएम. साधारण १५००-१८०० च्या खाली टर्बो झोपलेला असतो आणि तुमच्या हाती उरतं खरोखरचं एक लिटरचं इंजिन. तेही कमी कॉम्प्रेशनचं, कारण दाबलेली हवा आणखी दाबली तर आपोआप पेट घेईल म्हणून टर्बो इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो खाली ठेवतात. विनाटर्बो १.२ ला तो १२ ला १ आहे, टर्बोला १० च्या आसपास. त्यामुळे टाचणी वळणावर दुसऱ्यात १००० आरपीएमला टर्बो गाडी तुमच्या जुन्या १.२ पेक्षा जास्त मरगळलेली वाटेल. मग १८०० पार झाले की एकदम उसळी. फ्रॉन्क्समध्ये बेल्टवरची एक छोटी मोटर खालच्या आरपीएमला हातभार लावते, पण ती टर्बोची जागा घेत नाही. सवय लागेपर्यंत पुढच्या एसटीच्या मागच्या काचेत जाऊन बसणार नाही एवढं अंतर ठेवा.

तीन सिलिंडरबद्दल मामांचं निम्मं खरं आहे. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टन जो दांडा फिरवतात त्याच्या, दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तीनमध्ये २४० अंशांना. दोन स्फोटांमधली पोकळी मोठी, म्हणून सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग आणि आरसा थोडा थरथरतो. शिवाय तीनचा क्रँक टोकाला डोलतो, ते माउंटिंग आणि वजनांनी झाकावं लागतं. ताकदीशी याचा संबंध नाही. उलट एक पिस्टन, एक रिंगसंच आणि एक बेअरिंग कमी, म्हणजे घर्षण कमी. आणि एकेक सिलिंडर २९९ ऐवजी ३३३ सीसीचा, त्यामुळे भिंतींतून वाया जाणारी उष्णताही थोडी कमी. आता तर स्विफ्टचं १.२ सुद्धा २०२४ पासून तीन सिलिंडरीच आहे. ७० हजार किलोमीटरनंतर थरथर वाढली तर आधी इंजिन माउंटिंगचं रबर बघायचं, इंजिन नव्हे.

‘लांब चालीचं इंजिन जास्त ओढतं’ हेही तुम्हाला कोणीतरी ऐकवेल. टर्बोची चाल ७९.५ मिलिमीटर आहे, १.२ ची ७१.५, म्हणून हा मुद्दा निघतोच. सीसी तेवढेच ठेवून चाल लांबवली तर पिस्टन अरुंद होतो, त्यावरचा एकूण दाब तितकाच घटतो, आणि जमा-खर्च सारखा. चालीमुळे जळण्याची जागा आटोपशीर होते, उष्णता वाचते, अॅव्हरेजला मदत होते. ओढ हवेवर आणि व्हॉल्व्ह कधी उघडतो-मिटतो त्यावर ठरते.

एक गोष्ट टर्बोच्या बाजूने : उंची. वर जाल तशी हवा विरळ होते आणि विनाटर्बो इंजिन दर शंभर मीटरला सुमारे एक टक्का ताकद गमावतं. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे. तिथे ११३ चे ९८-९९ होतात. टर्बो थोडा जोरात फिरून तूट भरून काढतो. तुमचा घाट इतका उंच नाही, त्यामुळे तुम्हाला हा मुद्दा पाच-सात टक्क्यांचाच.

मेहुण्यांचं १.५. ओढ चांगली, टर्बोची झोप नाही, देखभाल सोपी. अडचण करात. २००६ च्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल १२०० सीसीच्या आत असेल तर गाडी ‘लहान’ धरतात. म्हणून तर आपल्याकडच्या इतक्या इंजिनांचे सीसी ११९७, ११९८, ११९९ असे उंबरठ्यावर येऊन थांबतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीला जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. १४६२ सीसीचं विनाटर्बो इंजिन १३७ न्यूटन मीटरसाठी ४० टक्क्यांत जातं, ९९८ सीसीचं टर्बो १४८ देऊन १८ टक्क्यांत बसतं. महिन्यातून एका घाटासाठी तेवढा कर भरू नये असं आमचं मत. डिझेलचा तर विचारच नको. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, कधी तापणार नाही, काजळी साठेल आणि वर्षभरात डॅशबोर्डवर दिवा लागेल.

हीच चार किलोमीटरची फेरी टर्बोच्याही आड येते, आणि तुमच्या निर्णयात आम्ही तिला घाटापेक्षा जास्त वजन देऊ. कराड-चिपळूण-कराड दोनशे किलोमीटरच्या आसपास धरा. वर्षाचे २४०० झाले. रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांचं अंतर मात्र जवळपास सगळं थंड इंजिनावरचं. चार किलोमीटरमध्ये तेल नीट तापत नाही. फ्रॉन्क्सच्या टर्बोसारख्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात थोडं पेट्रोल भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला तर समजायचं. अशा इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत नाही, म्हणून तिथे काजळी धुतली जात नाही, ती साठत जाते. आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत तेलाच्या थरावर तरंगतो. त्या थराची परीक्षा रोज पातळ तेलाने घ्यायची, हे त्याला सोसतं पण आवडत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. जुन्या गाडीने ‘दुसऱ्या गिअरची’ फेरी करून बघा. घाट एसीसकट चढला आणि आवाजाची तुम्हाला सवय झाली, तर १.२ मॅन्युअल घ्या. वाचलेल्या पैशात टायर चांगले घ्या. एएमटी (क्लच-गिअर आपोआप टाकणारी) घेणार असाल तर घाटात ‘एम’वर टाकून दुसरा स्वतः धरायचा. ‘डी’वर सोडलात तर ती नेमकी वळणाच्या तोंडावर तिसरा टाकते आणि मग विचार करत बसते.

फेरीनंतरही मन भरलं नाही, ट्रक मागे टाकताना जीव मुठीत धरावा लागला, तर टर्बो घ्या. त्यात चूक काही नाही. फक्त मग हे पाळा. तेल वर्षाला एकदा बदलायचंच, ९,००० झाले नसले तरी. तुमच्या छोट्या फेऱ्या बघता सहा-सात महिन्यांनी बदललंत तर उत्तम. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, आणि डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं असलं पाहिजे. या दर्जात एका विशिष्ट रोगावरही इलाज आहे : कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की तेलाचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतो आणि पिस्टन फुटू शकतो. म्हणजे टर्बोतही ‘चौथ्यातच चढवतो’ चालणार नाही. आठवड्यातून एकदा विटा-बिटाच्या रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटं गाडी नीट तापवून आणा. घाट चढून हेळवाकला चहाला थांबलात की लगेच चावी फिरवू नका. गाडी उभी करून इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवा. तापलेल्या टर्बोतलं तेल वाहतं राहिलं नाही तर तिथेच करपतं, आणि करपलेलं तेल बारीक नळी बंद करतं. मामांचा लाखाचा फटका बहुतेक वेळा इथून सुरू होतो.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरची चार माणसं घेऊन जा. एसी चालू, चढाचा रस्ता. दुसऱ्यात २० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा आणि गाडी उचलायला किती सेकंद घेते ते बाजूच्याला मोजायला सांगा. मग तिसऱ्यात ३० पासून तेच. दोन्ही इंजिनांवर, त्याच रस्त्यावर, त्याच माणसांसकट. ‘शून्य ते शंभर’ विचारू नका, तुम्हाला ते कधी लागणार नाही.

उतरण्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण जाताना हाच घाट उतरता. लहान इंजिन पाय काढल्यावर कमी रोखतं, आणि टर्बो ९९८ चंच असतं, उतारावर दीड लिटरचं होत नाही. पाच माणसांनिशी हेळवाकवरून खाली दुसऱ्यातच उतरा, ब्रेक दाबून धरू नका, दाबून सोडा. पोफळीला पोचल्यावर चाकाजवळ करपट वास आला तर तिसऱ्यात उतरलात असं समजा.